गम खा, अब्बा

माझे अब्बा शिया मौलाना. लखनऊला शिकले, मग इराणात जाऊन आणखी शिकले, आणि एवढं शिकून आले कुठं, तर पांढुर्ण्याला. इथं आमच्या लोकांची घरं बोटांवर मोजण्याइतकी. मोहरमच्या मजलिशीत, म्हणजे शोकसभेत, अब्बा अशी काही उर्दू बोलायचे की रडणाऱ्यांतले अर्धे लोक अर्थ न कळताच रडायचे. अम्मी इथल्याच, शेजारच्या सौसरची. राग आला की तिची वऱ्हाडी सुटायची, आणि नेमकं तेवढ्यापुरतं अब्बांना कमी ऐकू यायचं.

त्यांचा अमामा, म्हणजे डोक्याला गुंडाळायचं ते लांबलचक पांढरं कापड, धुतला की गच्चीवरच्या दोन दोऱ्या अडवायचा. एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या, अशी आम्ही बापलेक त्याची घडी घालायचो. शेजारच्या काकू विचारायच्या, मौलानासाहेबांची नऊवारी वाळली का. अब्बा म्हणायचे, काठ लावायचे राहिलेत.

मी मराठी शाळेत शिकले आणि पुढं मराठीच शिकवायला लागले, बोरगावच्या शाळेत. पहिलीचा वर्ग. अब्बांशी उर्दू, बाकी जगाशी मराठी, असा माझा कारभार. पण घाबरले की माझी उर्दू आधी पळते.

आमच्यात निकाहाच्या आधी मौलाना नवरीकडून वकालत घेतो. वकालत म्हणजे तिच्या वतीनं निकाह लावायचा अधिकार. रीत अशी की नवरीनं लाजायचं, आणि बायकांनी 'हो म्हणाली, हो म्हणाली' म्हणून उरकून टाकायचं. अब्बांना हे चालायचं नाही. मान हलवलेली चालायची नाही, हुंकार चालायचा नाही. मुलगी स्वतःच्या तोंडानं बोलेपर्यंत ते पडद्याबाहेर बसून राहायचे, मग तिकडं बिर्याणी निवेना का. शिवाय विचारायचे, काही लिहून घ्यायचंय का, बेटा? शिक्षण, नोकरी, काहीही. निकाहात मुलीला अट घालता येते, आणि घातलेली अट पाळावी लागते, हे त्यांनी कितीतरी लेकींना समजावलं. अमरावतीपासून बैतूलपर्यंत लोक म्हणायचे, मौलाना चांगले आहेत, पण वेळ फार खातात.

माझं लग्न ठरलं ते अब्बांच्या मदरशातल्या जुन्या दोस्ताच्या मुलाशी, नागपूरला. मुलगा मला आवडला होता. नोकरीचं मी आधीच विचारलं होतं, नागपूरहून सौसरची बस धरीन, वाटेत बोरगावला उतरीन म्हणून. सगळे हो म्हणाले होते. लिहून घ्यायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. दोस्ताचं घर, तिथं काय लिहायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

लग्नाच्या दिवशी मी आतल्या खोलीत नटून बसले होते. खिडकीखाली मंडपात चहा चालला होता. माझे होणारे सासरे कुणाला तरी खुशीत सांगत होते, की आता बोरगावच्या पोरांना दुसऱ्या बाई शोधाव्या लागतील. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याचाच मला जास्त राग आला. मला लग्न हवं होतं आणि शाळाही हवी होती. आणि तेवढ्यात पडद्यापलीकडून अब्बांचा आवाज आला. ते वकालत मागत होते.

मी गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. मावश्या कोपरानं ढोसायला लागल्या. तिसऱ्यांदा विचारल्यावर माझ्या तोंडून निघालं, "जरा गम खा ना, अब्बा."

हे आपण रिक्षावाल्याला म्हणतो, धाकट्या भावाला म्हणतो. मौलानाला कोण म्हणणार? त्यामुळं इतकी वर्षं इथं राहूनही तो शब्दप्रयोग अब्बांच्या कानावर कधी पडलाच नव्हता. जाड पडद्यातून त्यांना ऐकू आला तो एकच शब्द, गम. उर्दूतला गम. दुःख.

त्यांनी निकाहाचं रजिस्टर मिटलं, मंडपात गेले आणि सांगितलं की माझी मुलगी दुःखात आहे, हा निकाह होणार नाही. दोस्ताकडं पाहिलंसुद्धा नाही. मग अम्मीचा आवाज आला, आणि ह्या खेपेला तो अब्बांना ऐकावाच लागला.

"अवो, गम खा म्हंजे थांबा म्हनून राहिली ते पोरगी. दुःख नाई न काई नाई."

अब्बा परत पडद्याशी येऊन बसले. कशासाठी थांबायचं, असं त्यांनी हळूच विचारलं. मी सांगितलं, शाळेसाठी. खिडकीतून ऐकलेलं सगळं सांगितलं.

"सगळ्यांच्या लेकींना विचारत आलो," ते म्हणाले, "तुला विचारायचं राहिलं. माफ कर."

मजलिशीत शेकड्यांना रडवणारा माणूस, आणि आवाज असा की मला पडदा ओढून टाकावासा वाटला. रडू मला आलंच.

बाहेर सासरे हसत म्हणाले की दोस्तांमध्ये लिखापढी कसली. अब्बांनी उत्तर दिलं, "दोस्ती माझी आहे. नोकरी तिची आहे." सासरे गोरेमोरे झाले. सेहऱ्याच्या फुलांमागून नवरामुलगा म्हणाला, लिहा.

थोड्या वेळानं पडद्याखालून रजिस्टर आत सरकलं. वाचून घे, अब्बा म्हणाले. बाकी सगळं उर्दूत होतं, अट तेवढी मराठीत. उद्या शाळेत किंवा कचेरीत दाखवायची वेळ आलीच, तर वाचणाऱ्याला अडायला नको म्हणून. मराठी त्यांनी कधी लिहिलेली मी पाहिली नव्हती. माझ्या वर्गातल्या पोरांसारखं मोठं, ओळ सोडून वर चढत गेलेलं अक्षर. 'मुलगि तिची नोकरि करत राहिल.' तीनही ठिकाणी वेलांटी चुकलेली.

दुरुस्त करायला माझा हात उचललाही गेला होता. तो मी खाली घेतला, आणि बाहेर मंडपात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं हो म्हणाले.