हिरडवाडीला बांधलेला रुमाल

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. मी काही फार विज्ञाननिष्ठ वगैरे बाई नाही — मला वेळच नव्हता. सकाळी डबे, मग शाळा, संध्याकाळी सासूबाईंचं औषधपाणी, मध्येच जनगणना, पोलिओ, निवडणुकीची ड्युटी. दमलेल्या माणसाला भुतं दिसत नाहीत, खुर्ची दिसते. या सदरातले अनुभव वाचतानाही माझ्या मनात पहिलं हेच यायचं, की या लोकांना एवढी सवड मिळते कुठून.

आता निवृत्त झालेय, सवड आहे, म्हणून लिहितेय. भुताची गोष्ट म्हणून वाचायला घ्याल तर निराश व्हाल. सगळं भर दुपारी घडलंय.

२००१-०२ चं शालेय वर्ष. मी ओतूरच्या एका हायस्कूलमध्ये शिकवत होते आणि गाईडचं पथक माझ्याकडे होतं. कसं आलं ते विचारू नका. एका स्टाफ मीटिंगला उशिरा पोचले, तोवर माझं नाव लागलेलं होतं. गाईड म्हणजे मुलींचा कॅम्प आला. दर हिवाळ्यात डोंगराच्या पायथ्याला कुठंतरी तंबू ठोकायचे, स्वयंपाक मुलींनीच करायचा, शेवटच्या दिवशी शेकोटी.

जागा बघून यायचं काम दसरा-दिवाळीच्या मध्ये. त्यासाठी आमच्या भागातल्या शाळांची एक रीत होती. जागा पसंत पडली की पथकाचा जुना रुमाल — मुली गळ्यात बांधतात तो, स्कार्फ म्हणा — तिथल्या झाडाला बांधून यायचं. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसंच. रुमाल दिसला की दुसऱ्या शाळेनं तिथं तंबू टाकायचा नाही. लेखी काही नव्हतं, पण सगळे पाळायचे.

त्या वर्षी आमच्याकडं बिबट्याची फार दहशत होती. उसातून निघतो, वस्तीवर येतो, रोज नवीन बातमी. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, मुलींचा कॅम्प यंदापासून बंदच करू. पोरांचा चालू दे, पोरं बघून घेतील आपलं. आईबाप माझ्या जिवावर उठतील उद्या."

"सर, घोडेगावच्या वरच्या अंगाला बघते एखादी जागा. वस्तीजवळची."

"सोमवारपर्यंत सांगा. नसेल तर सोडून द्या. कायमचं."

खरं सांगू? कायमचं सोडून द्यायला मी एका पायावर तयार होते. पण आदल्याच आठवड्यात आठवीतली एक मुलगी म्हणाली होती, "बाई, मामाच्या गावाशिवाय मी कुठंच गेले न्हाई अजून." ते डोक्यातून जाईना. पोरं गड चढणार, तळ्यात डुंबणार, आणि पोरींनी शाळेच्या मैदानात रांगोळ्या काढायच्या. याचा रागही यायचा. पण राग धरायलाही अंगात बळ लागतं, आणि माझं सगळं बळ त्या वर्षी सासूबाईंच्या आजारपणात चाललं होतं.

रविवारी निघाले. सोबत येणाऱ्या शिंदेबाईंकडं ऐनवेळी पाहुणे आले, त्यामुळं एकटीच. ओतूरहून जुन्नर, जुन्नरहून घोडेगाव, तिथून डिंभ्याच्या पुढं जाणारी एसटी. उन्हाची छत्री, पाण्याची बाटली, पिशवीत रुमाल. ऑक्टोबरचं ऊन म्हणजे तुम्हाला माहीतच आहे.

मी ऐकून होते ती जागा जांभळीचा माळ. फाट्यावर उतरून चढण चढत गेलं की सपाट माळ, वर जंगल, खाली ओढा. चढता चढता दोनदा बसावंसं वाटलं. तिसऱ्यांदा वाटलं तेव्हा मी तिथंच वाटेत उभी राहिले आणि ठरवून टाकलं — नाही सापडली जागा, असं सांगायचं. कुणी विचारायला येणार नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून स्वतःचाच संताप आला. मग आलोच आहोत तर माळ तरी बघू, म्हणून उरलेली वाट चढले.

तर माळावर कॅम्प लागलेला होता.

तंबू दाट झाडीत होते, नीटसे दिसत नव्हते. दोन झाडांना दोरी बांधून त्यावर निळे ड्रेस वाळत घातलेले. गाईडचे ड्रेस सगळ्या शाळांचे सारखेच. खालून ओढ्याच्या बाजूनं मुलींचा कालवा येत होता. आणि जवळच दगडावर एक मुलगी बटाटे सोलत बसलेली. एका वेणीला लाल रिबन, दुसरीला पांढरी. अंगात मरून स्वेटर. एवढ्या उन्हात स्वेटर… म्हटलं, ताप असेल बिचारीला.

मला काय वाटलं असेल? हुश्श वाटलं. जागा दुसऱ्यांनी धरली, विषय संपला. तरी बाईपणाची सवय, विचारलंच.

"कुठल्या शाळेच्या गं तुम्ही?"

ती हसली, मी थट्टा केल्यासारखी. "तुमच्याच की बाई."

आमच्या पथकातल्या सगळ्या मुली मला तोंडपाठ. ही त्यातली नव्हती. आगाऊ दिसतेय, म्हटलं.

"जांभळीचा माळ कधी धरलात तुम्ही?"

"जांभळीचा माळ न्हाई बाई, ही हिरडवाडी. आन् तुमीच न्हाई का रुमाल बांधला?"

रुमाल माझ्या पिशवीत होता. मी वाद घातला नाही. दिवसभर वर्गात वाद घालणाऱ्या बाईला रविवारी वाद नको असतो.

"बरी आहे का जागा? पाणी वगैरे?"

"लई बरी हाय. झरा हाय, वाडी हाकेच्या अंतरावर हाय. वाडीतल्या आया सारख्या येऊन बघून जात्यात."

"आणि मुली? सगळ्या बऱ्या आहात ना?" हे मी का विचारलं मला माहीत नाही. दुसऱ्याच्या मुली, मला काय करायचं होतं? पण विचारलं, आणि उत्तर ऐकायला थांबले.

"समद्या बऱ्या हायेत." तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "बसा की बाई. लई दमलाय तुमी."

"बसले तर उठायची नाही मी," म्हटलं, आणि वळले. उतरताना मागून कुणी बाई मोठ्यानं काहीतरी म्हणाली आणि मुली खिदळल्या. असेल त्यांची बाई. एसटी चुकेल म्हणून मी मागं वळले नाही.

फाट्यावर एक टपरी होती. चहा सांगितला आणि सहज विचारलं, "माळावर कुठल्या शाळेचा कॅम्प आलाय हो?"

टपरीवाला म्हणाला, "कॅम्प? न्हाई बाई. सकाळधरनं मी हितंच हाय, तुमच्याबिगर वर कोण गेलं न्हाई."

याला कशाचा पत्ता नाही, असं मी मनात म्हटलं. "आणि हिरडवाडी कुठं आली?"

"ती व्हय? डोंगराच्या पल्याडच्या अंगाला. ती बघा, तिकडचीच जीप उभी हाय."

आता वाचक म्हणतील, मला तेव्हाच संशय यायला हवा होता. आला नाही. मला जीपमधली रिकामी सीट दिसली. घोडेगावच्या एसटीला उशीर होता, आणि टपरीबाहेर बाकडं नव्हतं. मी जीपमध्ये बसले त्याचं कारण एवढंच. फिरून येऊ, बसायला तरी मिळेल.

हिरडवाडीला जीपमधून उतरले. वाडीला लागून शाळेची एक खोली, तिच्या पुढं सपाट जागा, हिरड्याची झाडं, दगडांतून झरणारं स्वच्छ पाणी. दोन बायका लगेच विचारायला आल्या, "पावणं कुठलं?" मुलींचा कॅम्प म्हटल्यावर एकजण म्हणाली, "आणा की. आमी हाओत. पोरी एकल्या न्हाई पडायच्या." मोकळ्या रानात आणि वस्तीच्या कुशीत, दोन्ही एकदम. मुख्याध्यापकांना नाही म्हणता येणार नाही अशी जागा. मी रुमाल काढला आणि हिरड्याच्या फांदीला बांधला. मुलीनं पत्ता चांगला सांगितला, एवढंच वाटलं. त्यांची शाळा आधी इथं येऊन गेली असेल, नावांत घोटाळा झाला असेल. घरी पोचल्यावर लक्षात आलं की छत्री जीपमध्येच राहिली. ती काही परत मिळाली नाही.

पुढं तालुक्याच्या बैठकीत चौकशी केली. दिवाळीआधी कुठल्याच शाळेचा कॅम्प गेला नव्हता. मी विषय सोडून दिला. उन्हाचा त्रास झाला असेल.

दिवाळीनंतर आमच्याकडं बेल्ह्याहून एक मुलगी आली, छाया. वर्षाच्या मध्येच आली, कारण वडील वारले आणि आई ओतूरला भावाकडं राहायला आली. शांत मुलगी. तिला मी आधी कुठं बघितलंय असं मला एकदाही वाटलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. शेकड्यानं चेहरे बघतो आम्ही. तिनं गाईडला नाव दिलं, मी घेतलं.

कॅम्प जानेवारीत झाला. मुख्याध्यापकांनी जागा स्वतः बघून परवानगी दिली. पहिला दिवस तंबू ठोकण्यात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी झऱ्यावरून भांड्यांची पाटी घेऊन वर आले, आणि छाया माझ्याकडं बघतच राहिली. दगडावर बसून बटाटे सोलत होती. अंगात मरून स्वेटर. एका वेणीला लाल रिबन, दुसरीला पांढरी.

"हे काय गं रिबनचं?"

"लाल एक सकाळी झऱ्यात व्हावून गेली बाई. पांढरी मैत्रिणीची." मग म्हणाली, "तुमी झऱ्याकडनं कशा आला? आत्ता तर त्या वाटेनं खाली गेला."

"मी?"

"आत्ता न्हाई का आलात? कुठल्या शाळेच्या म्हणून विचारलं. मला वाटलं, मस्करी करताय. जागा बरी हाय का, पोरी बऱ्या हायेत का… मी बसा म्हटलं तर म्हणालात, बसले तर उठायची नाही."

मी पाटी खाली ठेवली. ऑक्टोबरातल्या त्या दुपारी तोंडून गेलेलं ते वाक्य मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात होतंच काय?

"माझ्या हातात काय होतं?"

"छत्री. काळी. आता कुठं ठिवली?"

ही मुलगी शाळेत यायच्या आधीच ती छत्री हरवली होती. मी विचारलं, "कशी दिसत होते गं मी?"

छाया जरा घुटमळली. "लई दमलेल्या. रडून आल्यासारख्या. मला वाईट वाटलं बाई, तुमी थांबला न्हाईत म्हणून."

तिनं दाखवलेल्या वाटेकडं मी बघितलं. वाट रिकामी होती. त्या वाटेनं कोण गेलं ते मला माहीत होतं. ती बाई अर्ध्या चढणीवर उभी राहून सगळं सोडून द्यायचं ठरवून आली होती, आणि तिला वाटत होतं की ते कुणाला कळणार नाही. मला तिची फार कीव आली. स्वतःची अशी कीव मला त्याआधी कधी आली नव्हती, कुणी येऊ दिली नव्हती.

आणि मी काय करतेय हे कळायच्या आत मोठ्यानं ओरडले, "सगळ्या बऱ्या आहेत गं! जा सावकाश!"

झऱ्यावरच्या मुली खिदळल्या. बाई रिकाम्या वाटेशी बोलतायत म्हणून.

ते हसू ऐकलं आणि मी मटकन खाली बसले. जांभळीच्या माळावरून उतरताना मागून ऐकलेलं हसू तेच होतं.

इथं लिहायला बरं वाटलं असतं की जांभळीच्या माळावर त्याच आठवड्यात काही भयंकर घडलं आणि आम्ही वाचलो. मी मुद्दाम चौकशी केली. काहीसुद्धा घडलं नव्हतं. गुरं चरत होती. तिथं गेलो असतो तरी बहुतेक सुखरूप परत आलो असतो. म्हणजे मला कुणी धोक्यातून वाचवलं असंही म्हणता येत नाही. ते कशासाठी झालं, कुणी केलं, की दोन वेगळ्या उन्हांत एका दमलेल्या डोक्यानं घातलेला घोळ — मग छायाचं काय, छत्रीचं काय… आमच्या ह्यांना सांगितलं, ते म्हणाले, "तू रजा घे." तेही बरोबरच होतं.

मुलींचा कॅम्प मी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी गेला. जागा बघायला मी एकटीच जायचे. प्रत्येक माळावर पोचल्यावर आधी दगडांकडं बघायचे. पुन्हा कधी कुणी दिसलं नाही.

त्या दुपारी छाया बटाटे टाकून उठली आणि चूल पेटवायला गेली. "बसा बाई, चहा टाकते," म्हणाली. चहा होईपर्यंत मी तिच्या दगडावर बसून राहिले. मला कुणी उठवलं नाही.