छबूबाईंचा वशिंडवाला बैल

कर्जतच्या छबूबाईंचा मातीचा बैल पोळ्याच्या बाजारात लांबूनच ओळखू यायचा. वशिंडावरून. यंदा नगरच्या कल्याणशेठने बैल साच्यातून काढायचं ठरवलं. साच्यासाठी नमुना लागतो, आणि तो कॉम्प्युटरवर आयता मिळाला. गुटगुटीत, विलायती, पाठ सपाट.

हे कळताच छबूबाई एसटीने त्याच्या वर्कशॉपला आल्या. पडदा बघून म्हणाल्या, "ही तर जर्सी गाय. हिला पुरनपोळी चारनार व्हय तुमी?"

"मग तुम्हीच घडवा," कल्याणशेठ हसला. "पाचला साचा कापायला घेतो. तोवर झाला तर तुमचा, नाहीतर हाच."

अकरा वाजले होते.

तिथे काम करणाऱ्या रुचाने त्यांच्यापुढे वहीएवढी काळी पाटी ठेवली, हातात पेन दिलं. पेन पाटीवर फिरवायचं, बघायचं समोर पडद्यावर. हलकं टेकवलं की पडद्यावरची माती जराशी फुगते, दाबलं की जास्त. पडद्यावर राखाडी गोळा आला. तो बघताच छबूबाईंनी शेजारच्या पेल्यात बोटं बुडवली आणि पाटीवर टेकवली.

"मावशी, पाणी!" रुचा ओढणीने पाटी पुसू लागली.

"पान्याबिगर माती वळती का कुटं?"

चारदा असंच झालं. पन्नास वर्षांची सवय. शेवटी रुचाने पाणी ओतून टाकलं आणि रिकामा पेला जागच्या जागी ठेवला. छबूबाई त्यात बोटं बुडवायच्या आणि समाधानाने कामाला लागायच्या.

पण जनावर उभं राहीना. गोळा फिरवायचा तर पेन थांबवा, कळ शोधा, ओढा, परत पेन धरा. दोन वाजेपर्यंत वशिंड मानेवर सरकलं.

"ह्यो उंट झाला," छबूबाई म्हणाल्या. हिरमुसल्या.

पाटीच्या डाव्या कडेला एक चकती होती. छबूबाईंचा डावा हात आपसूक तिच्यावर गेला. चकती फिरली तसा गोळा लहानमोठा झाला.

"हिनं गोळा फिरत न्हाई का, पोरी?"

रुचा तीन वर्षं त्या पाटीवर काम करत होती. हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. तिने सेटिंग बदललं.

"अगं बया! चाकच हाय की हे!"

मग डावा हात फिरवत राहिला, उजवा दाबत राहिला. पोट आलं, गळ्याखालची पोळी आली, मांड्या भरल्या. रुचाचा चहा गार झाला. पाचला दहा कमी असताना वशिंड उठलं, किंचित एका बाजूला कललेलं.

कल्याणशेठ आला. "शिंगं सारखी नाहीत, मावशी."

"तुमच्या गोठ्यातल्या बैलाची हायेत का?"

नकळत कल्याणशेठचा हात पडद्यावरच्या वशिंडाकडे गेला.

"हात नगा लावू, मालक. वला हाय अजून."

कल्याणशेठने चटकन हात मागे घेतला. आणि मशीनवाल्याला हाक मारली, "ती जर्सी काढ रे. हा लाव."