अकरा दारं एका झटक्यात

भिंगवाल्यांनी आयुष्यभर लोकांची घड्याळं दुरुस्त केली. स्वतःचं म्हणावं असं मनगटी घड्याळ एकच घडवलं, तेही साठी उलटल्यावर, आणि तेही असं की बघणाऱ्यानं आधी डोकं खाजवावं. त्याला तासकाटाच नव्हता. तबकडीवर गोलाकार बारा चिमुकली दारं होती. जितके वाजले, तितकी दारं उघडी. चार वाजता चार, बारा वाजता सगळी. मिनिटांपुरता एक बारीक काटा, बस्स. खरी कसोटी एक वाजता. पहिलं दार तेवढं उघडं ठेवून बाकीची अकरा एकदम मिटायची आणि खट् असा आवाज व्हायचा.

या घड्याळावर त्यांना घड्याळकारांच्या मंडळात जायचं होतं. तिथे दुरुस्तीवाल्याला कुत्रं विचारत नसे. स्वतः घडवलेलं घड्याळ आणा, पूर्ण दिवस-रात्र चालवून दाखवा, मग बोला, असा खाक्या. आधी मागे घेतलं तर पुढच्या वर्षी पुन्हा आणता यायचं. परीक्षेत थांबलं तर मात्र मंडळ त्या माणसाचं तोंड पुन्हा बघत नसे. काल संध्याकाळी परीक्षकांसमोर चावी देऊन घड्याळ काचेच्या पेटीत ठेवलं गेलं होतं. रात्रीचा एक सुखरूप पार पडला होता.

आज दुपारी पाऊण वाजता भिंगवाले पेटीसमोर खुर्ची टाकून बसले. शेजारी बायको. तिच्या तोंडचं पाणी पळालेलं.

“परीक्षा माझी आहे की तुझी?” त्यांनी चिडवलं.

“अहो, घड्याळ मागे घ्या. पोटात दुखतंय म्हणा, काहीही म्हणा, पण घ्या.”

“वेड लागलंय का तुला?”

“ते एकला थांबतं.” तिचा आवाज बसला होता. “सकाळी तुम्ही चावी देता, म्हणून दुपारी ठीक चालतं. रात्रीपर्यंत त्याचा जोर संपतो. खट् ऐकू आलं नाही की मी उठून थोडी चावी देते. मग मिटतात दारं. काल इथे संध्याकाळीच चावी दिलीत, म्हणून रात्र निभावली. आता नाही निभावायचं.”

“कधीपासून चाललंय हे?”

“पहिल्यापासून. तीन वर्षं झाली. सकाळी ते कानाला लावून तुम्ही असे हसायचात! कसं सांगणार होते?”

चहाच्या आधी टेबलावरच्या झाडून सगळ्या घड्याळांना चावी द्यायची, ही भिंगवाल्यांची जुनी सवय. त्याच ओघात स्वतःच्या घड्याळालाही दिली जायची. स्प्रिंग सैल पडत जाते तेव्हा ते काय करतं, हे त्यांनी कधी बघितलंच नव्हतं. रात्री स्वारी घोरत असायची! त्यांना बायकोचा भयंकर राग आला. त्याहून जास्त स्वतःचा.

काटा पुढे सरकत होता. कदाचित चालेलही, एक मन म्हणालं. हिला काय कळतंय घड्याळातलं? पण तिला कळत होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते उठले.

“मी घड्याळ मागे घेतो,” ते मोठ्या परीक्षकांना म्हणाले. “एकला थांबतं ते.”

“चांगलं चाललंय की! कोण म्हणतं थांबतं?”

“बायको.”

सभागृहात हशा पिकला. भिंगवाल्यांचे कान तापले, पण त्यांनी हात पुढे केला तो मागे घेतला नाही. परीक्षकांनी पेटी उघडली.

घड्याळ तळहातावर घेऊन दोघं जिन्यात जाऊन उभी राहिली. चावीकडे त्यांची बोटं आपोआप वळली. त्यांनी मूठ आवळली. काटा वर आला. दारं हलली, सरसर मिटत गेली आणि शेवटचं अर्ध्यात अडकलं. टिकटिक बंद.

त्यांनी घड्याळ डोळ्यांजवळ धरून ते अर्धं दार निरखलं.

“रोज असंच?”

“आधी निम्मी अडायची. तुम्ही ती आतली पट्टी बदललीत ना, तेव्हापासून हे एकच अडतं.”

तीन वर्षांत हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

“आज रात्री चावी द्यायची नाही. मला उठवायचं.”

“उठवलं तर चिडाल.”

“चिडेन,” ते म्हणाले. “तरी उठव.”