गुंजीच्या आप्पांची अठरा मिनिटे

"आमच्या आप्पाचं काम वाईट झालं म्हणून काढलं काय? एवढंच सांगा. मग जातो मी."

मंगळवारी सकाळी साडेदहाला बेळगावात खासबागच्या माझ्या घरी दारात उभ्या असलेल्या बाईंचे हे पहिले वाक्य. आमच्याकडे बायकाही 'जातो'च म्हणतात. चप्पल पायातच होती. हातात मोबाइल होता आणि मोबाइलवर माझे परीक्षण.

मी मराठी चित्रपटांची परीक्षणे छापणारी एक वेबसाइट चालवतो. बावीस वर्षे एका दैनिकाच्या बेळगाव कचेरीत डेस्कवर काढली. निवृत्तीनंतर घरातल्या पुढच्या खोलीत ही साइट सुरू केली. सिनेमा पाहणारा, लिहिणारा, तारे देणारा आणि चुका तपासणारा माणूस एकच. शुक्रवारी चित्रपट लागतो, त्याच संध्याकाळी सहापर्यंत परीक्षण साइटवर असते. आमच्या भागात मराठी चित्रपटाला बहुतेक वेळा एकच शो मिळतो आणि तो सोमवारी असेल की नाही, सांगता येत नाही. उशिरा आलेले परीक्षण कुणाच्या उपयोगाचे नसते.

"बसा आक्का," मी म्हणालो. "कोण आप्पा?"

"परशराम आप्पा, गुंजीचं. मी थोरली लेक, सुनंदा. हितं सोसायटीत क्लार्क हाय." त्यांनी मोबाइल पुढे केला. "तुम्हीच लिवलंय न्हवं, शोभेला घेतलंय म्हणून?"

मीच लिहिले होते.

चित्रपट लहान होता. दिग्दर्शक नवा, कलाकार बहुतेक इथलेच. बारा वर्षे मुलाशी न बोललेल्या एका बापाची गोष्ट. बेळगावात त्याला पडदा मिळाला नाही, म्हणून शुक्रवारी दुपारी बाराचा शो मी निपाणीला जाऊन पाहिला. इंटरव्हलपर्यंत चित्रपट चांगला चालला होता. इंटरव्हलनंतर तोच बाप एकदम रेल्वे स्टेशनवर मुलाला मिठी मारताना दिसला. मधे काय झाले, कळायला मार्ग नव्हता. मी लिहिले, "बापाचे मन का बदलले, हे दिग्दर्शकाला लिहिता आलेले नाही." पुढे आणखी एक परिच्छेद होता. "खानापूर तालुक्यातल्या एका जुन्या नाट्यकलावंताचे नाव श्रेयनामावलीत ठळक आहे. पडद्यावर ते दोनदा दारात उभे दिसतात. एक वाक्यही बोलत नाहीत. आपल्या भागातली माणसे अशी शोभेला घेण्याची खोड जुनी आहे." पाचपैकी दोन तारे.

तो परिच्छेद मी आप्पांच्या बाजूने लिहिला होता. निदान लिहिताना तसे वाटले होते.

"शोभेला कसं?" सुनंदाबाई म्हणाल्या. "दोन दिवस शूटिंग चाललंतं. आमच्याच परड्यात, घरामागं. आप्पा भावाला समजावतोय, असा लांबलचक सीन. नुसतं आप्पाच बोलतोय. मी रजा काढून गेलतो बघायला."

असा सीन मी पाहिला नव्हता. तसे सांगितले.

"आम्हीबी न्हाय बघितला," त्या म्हणाल्या. मग त्या बसल्या.

रविवारी गुंजीहून दोन क्रूझर गाड्या निपाणीला गेल्या होत्या. गावातली बावीस माणसे. आप्पा गावच्या यात्रेतल्या नाटकात चाळीस वर्षे काम करत आले होते. पण पडद्यावर गावातले कुणी पहिल्यांदाच दिसणार होते. आप्पा पुढच्या सीटवर, नवी टोपी घालून.

"इंटरव्हलला आप्पा म्हणलं, आता कोण चा प्यायला जाऊ नगासा, आल्या आल्या माझंच हाय. कोण उठलं न्हाय. सिनेमा चालू झाला तर एकदम स्टेशन. बाप नि पोरगा गळ्यात पडाय लागल्यात. आप्पा म्हणलं, पुढं आसंल. पुढं आसंल म्हणत बसलं. पाटी पडली, लाइटी लागल्या, तरी उठंना."

"मग?"

"येताना संकेश्वरला चा प्यायला थांबलो. आप्पाच्याच वयाचा नारबा हाय आमच्यात. त्यो म्हणला, परशा, तू ह्यात हाईस कुठं रं? दारातला खांब व्हय? सगळी हसली. आप्पाबी हसलं. मग कुणीतरी तुमचं हे मोठ्यानं वाचून दावलं."

घरी आल्यावर आप्पांनी कारण स्वतःच शोधून काढले होते. शूटिंगच्या दुसऱ्या दिवशी त्यांचा घसा बसला होता. काम नीट झाले नसेल, म्हणून दिग्दर्शकाने सीन काढला असेल. दिग्दर्शकाला विचारू द्यायलाही ते तयार नव्हते. सोमवारी सकाळी त्यांनी नाटक मंडळाला निरोप दिला, यंदापासून मला धरू नका.

"दोन दिस झालं, ताटावर बसत्यात नि उठत्यात," सुनंदाबाई म्हणाल्या. "सर, वाईट झालं आसंल तर तसं सांगा. आम्ही त्यास्नी सांगू काहीतरी. पर खरं काय ते आम्हाला तर कळू दे."

त्यांच्यासमोरच मी दिग्दर्शकाला फोन लावला. लावण्याआधी त्याचे न उघडलेले मेसेज उघडले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. परीक्षण छापल्यावर पहिला आठवडा मी निर्माता-दिग्दर्शकांचे फोन घेत नाही, मेसेज उघडत नाही. डेस्कवर शिकलेला नियम आहे. ज्याच्याविषयी लिहिले त्याचा फोन आला की तो बहुतेक वेळा दबाव असतो. प्रेमाने केलेला असला तरी. शुक्रवारी संध्याकाळी या दिग्दर्शकाचे चार फोन आले होते. मेसेजची पहिली ओळ स्क्रीनवर दिसली होती, "सर, आप्पांचा सीन पाहिलात का?" नाराजी असेल, असे समजून मी तो तसाच ठेवला. आता उघडला. खाली दुसरी ओळ होती. "कुठल्या थिएटरला होतात? प्लीज सांगा, मी लगेच बोलतो त्यांच्याशी."

त्याने लगेच फोन उचलला.

"निपाणीला पाहिला," मी म्हणालो. "इंटरव्हलनंतर थेट स्टेशन होते."

"मधे अठरा मिनिटं आहेत सर. आप्पांची. इंटरव्हलनंतर तिथूनच सुरू होतो सिनेमा." मग म्हणाला, "मी शुक्रवारीच डिस्ट्रिब्यूटरला विचारलं. ते म्हणाले, सगळीकडे ओके आहे. सर्टिफिकेटवर एकशे त्रेचाळीस मिनिटं आहेत."

चित्रपट सुरू होण्याआधी पडद्यावर सेन्सॉर सर्टिफिकेट येते. त्यावर लांबी मिनिटांत लिहिलेली असते. ती टिपून घेणे हे माझे पहिले काम. त्या शुक्रवारी संकेश्वरच्या पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे बस अडकली आणि मी बारा वाजून पाच मिनिटांनी आत शिरलो. सर्टिफिकेट येऊन गेले होते. नंतर सेन्सॉर बोर्डाच्या साइटवर लांबी पाहता आली असती. पाहिली नाही.

वहीत बाकीचे सगळे होते. शो बारा. इंटरव्हल पंधरा मिनिटे. सुटला दोन वीस. म्हणजे पडद्यावर एकशे पंचवीस मिनिटे. एकशे त्रेचाळीसमधून वजा केल्यावर अठरा उरत होते. हा हिशेब शुक्रवारी दोन वाजून एकवीस मिनिटांनी करता आला असता.

एका पडद्याच्या थिएटरांत असे होते, हेही मला माहीत होते. पुढचा शो मोठा असेल तर आधीचा थोडा आवळतात. पूर्वी रीळ गाळत. आता सिनेमा सर्व्हरवर असतो. इंटरव्हलनंतरचा भाग काही मिनिटे पुढून सुरू केला की झाले. प्रेक्षक चहा पिऊन येत असतात, कुणाला कळत नाही. यावर मी डेस्कवर असताना बातमीही केली होती.

बुधवारी निपाणीला गेलो. पोस्टर उतरले होते. सोमवारीच चित्रपट काढला होता.

"बर्री सर, कुंदर्री," थिएटरच्या मॅनेजरांनी खुर्ची सरकवली. चहा मागवला. आडपडदा ठेवला नाही. "व्हय, पुढं ढकलला. पावणेतीनला कन्नड पिक्चर होता, मोठ्या हिरोचा. पोरं हार, फटाके घेऊन गेटवर. पाच मिनिटं उशीर झाला तर गेट मोडत्यात. हॉल झाडायचा कवा?"

"शनिवारी, रविवारीही?"

"एकदा सेटिंग केलं की तेच चालतं की."

"नेमका तोच सीन का?"

"सकाळी टेस्टिंगला बघितला मी. एक म्हातारा नुसता बोलतोय. गाणं न्हाय, मारामारी न्हाय. म्हणलं हे गेलं तर कुणाला कळणार न्हाय."

"तुम्ही पूर्ण पाहिलात?"

"बघितला की." त्यांनी कप खाली ठेवला. "खोटं कशाला सांगू. डोळ्यात पाणी आलं माझ्या. पर लांब होता सर."

परतताना बसमध्ये दिग्दर्शकाने पाठवलेली लिंक उघडली. अठरा मिनिटांचा तो एकच सीन. परड्यात दोन भाऊ, धाकटा म्हणजे तो बाप. थोरला पावट्याच्या शेंगा सोलत बसलेला. तो धाकट्याला मुलाला माफ कर असे एकदाही म्हणत नाही. तो पोरगा लहानपणी कसा होता, एवढेच सांगतो. काय खायचा, कुणाच्या अंगावर झोपायचा. मान वर करत नाही. शेवटी आवाज बसतो, दोन वाक्ये नीट ऐकू येत नाहीत आणि धाकटा उठून आत जातो. तो बसलेला आवाज दिग्दर्शकाने मुद्दाम ठेवला होता. त्या सीनशिवाय चित्रपट उभा राहत नव्हता. मी लिहिलेला दोष त्यात नव्हता.

संध्याकाळी दुरुस्ती टाकली. मूळ मजकूर तसाच ठेवला, कारण छापलेले पुसायचे नाही हाही डेस्कचाच नियम. वर लिहिले, की हे परीक्षण अपुऱ्या खेळावरून लिहिले आहे, खेळाची लांबी तपासली गेली नाही, चूक लेखकाची आहे. आप्पांच्या कामाविषयी चार परिच्छेद नव्याने लिहिले. चार तारे दिले.

गुरुवारी सकाळच्या पॅसेंजरने गुंजीला उतरलो. सुनंदाबाईंनी रजा काढली होती. आप्पा परड्यात बाजेवर बसले होते. सीनमध्ये दिसते तेच परडे. मी झाले ते सगळे क्रमाने सांगितले. लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला.

त्यांनी अठरा मिनिटे न हलता पाहिले. आवाज बसतो तिथे त्यांचे ओठ हलले.

"घसा," ते म्हणाले.

"तो मुद्दाम ठेवलाय. त्यामुळेच सीन उभा राहिलाय."

"निपाणीत हे कोण बघितलं?"

"मॅनेजरांनी. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं."

"त्यानं एकट्यानं व्हय?"

मी हो म्हणालो.

सुनंदाबाई म्हणाल्या, "आप्पा, दिग्दर्शक म्हणतोय, पडदा घिऊन येतो. देवळापुढं गावाला दावू. न्हायतर आजच मोबाइलवर टाकतो मी सगळ्यास्नी."

"नगो."

"आवं, का?"

"गाव एकदा गेलतं न्हवं, दोन गाड्या करून? बघून आलंय. आता पुन्ना बोलवून काय सांगू? ह्या टायमाला मी हाय म्हणून?" त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "नारबा म्हणल, खांब बोलाय लागला."

"मी दुरुस्ती लिहिली आहे आप्पा. चूक माझी आहे असं लिहिलंय."

"लिवलं ते बरं केलासा," ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही लांबून आलासा. जेवून जावा."

जेवलो. जेवताना त्यांनी माझ्या डेस्कच्या दिवसांविषयी विचारले, पानावर बातम्या कशा लावतात ते विचारले. सिनेमाचा विषय पुन्हा निघाला नाही.

चित्रपट पुन्हा कुठे लागला नाही. कुठल्या ओटीटीने घेतला नाही. दिग्दर्शक दुसऱ्याच्या मालिकेवर काम करतो. त्याने मला दोष दिला नाही. एकदाच म्हणाला, "शुक्रवारी फोन उचलला असता, तर शनिवारपासून पूर्ण चालला असता सर." हे बरोबर आहे. रविवारी बावीस माणसे इंटरव्हलला जागेवर बसून राहिली होती, आणि त्यांना जे पाहायचे होते ते सर्व्हरवर होते.

मूळ परीक्षणाचा फोटो गुंजीच्या ग्रुपवर फिरला होता. दुरुस्तीही सुनंदाबाईंनी त्याच ग्रुपवर टाकली. खाली कुणीतरी अंगठा दाखवला. लगेच पाण्याच्या टाकीविषयी बोलणे सुरू झाले.

यात्रा झाल्यावर सुनंदाबाईंना फोन केला. नाटक झाले का, विचारले.

"झालं की. आप्पाचं काम नारबाच्या पोरानं केलं."

"आप्पा गेले होते?"

"गेलते. मागं उभं राहून बघितलं. लोकं म्हणत होती पुढं बसा, तर न्हाय म्हणलं."

मी ठीक आहे म्हणालो. त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि फोन ठेवला.

दुरुस्ती वाचकांसाठी असते. ती तशीच लिहावी आणि लगेच लिहावी. ज्याच्याविषयी चूक झाली, त्याला तिचा उपयोग होईल असे मात्र धरून चालू नये.