मामांना सांगितलेले सिनेमे

सासऱ्यांच्या डोळ्याचा पडदा सरकला, तेव्हा त्यांना सांगलीत आमच्याकडे आणून ऑपरेशन केलं. डॉक्टरांनी बजावलं की आठ दिवस पालथंच झोपायचं, बसलं तरी मान खाली. मी सासऱ्यांना मामा म्हणते. त्यांनी सैन्यात वीस वर्षं ट्रक चालवला आणि नंतर कवठे महांकाळकडे गावी शेती केली. असा माणूस उशीत तोंड घालून पडलेला बघणं घरालाही जड जात होतं.

मी शिकवते त्या कॉलेजला दिवाळीची सुट्टी होती, नवरा कामावर जायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी मामांनी टीव्ही लावायला सांगितला, निदान आवाज तरी ऐकतो म्हणाले. त्यांना जुने हिंदी मारधाडीचे सिनेमे आवडतात. घोड्यावरचे डाकू, खजिन्याचा नकाशा, सुरुंग लावलेला पूल असलं काही असलं की ते हलत नाहीत. मला ते कधीच आवडले नव्हते. पण नुसत्या ठोशांच्या आवाजावरून त्यांना काही उमगेना. ते सारखं काय झालं, काय झालं विचारायला लागले, म्हणून मी सांगायला लागले.

पहिल्या दिवशी मी "मारामारी चाललीय" एवढंच म्हणत होते. मामा वैतागले. "कोण कुटं हाय ते सांग आदी. हातात काय हाय, पाठीमागं काय हाय."

मग मी नीट बघायला लागले. तीन-चार सिनेमांत माझं एक मत तयार झालं, ते अजून बदललेलं नाही. जी मारामारी शब्दांत सांगता येते, ती चांगली घेतलेली असते. एका डाकूपटात नायक विहिरीच्या काठावर, खलनायक रहाटाच्या पलीकडे, दोघांच्या मध्ये एकच दोर. ते मी मामांना सहज सांगितलं आणि सांगताना माझेच हात घामेजले. दुसऱ्या एका सिनेमात वीस गुंड आणि भरपूर धूळ होती, त्यातलं मला काहीच सांगता येईना. तो सिनेमा वाईटच होता. आणखी एक, जुन्या सिनेमात घोड्यावरून पडणारा माणूस खरोखर पडतो. त्याचं वजन दिसतं. हल्लीच्या सिनेमांत माणसं कागदासारखी उडतात, म्हणून मला त्यांची काळजी वाटत नाही.

पाचव्या दिवशी एका सिनेमात घाटातला ट्रक आला. मी सांगितलं की ब्रेक निकामी झालेत, नायक स्टीअरिंग फिरवतोय, एका बाजूला दरी आहे.

"गिअर कितवा टाकलाय?"

ते दाखवत नाहीत, असं मी म्हणाले. मग नायकानं दार उघडून उडी मारली, ट्रक दरीत गेला आणि तो कपडे झटकत उठला. तेही सांगितलं.

 मामांनी उशीतूनच सांगितलं की डोंगरातल्या रस्त्यावर त्यांचेही ब्रेक असेच गेले होते. त्यांनी खालचा गिअर टाकला आणि गाडी डोंगराच्या अंगाला घासत नेली. शेजारी बसलेल्या जोडीदारानं घाबरून उडी मारली. गाडी शंभर पावलांवर थांबली. जोडीदार चाकाखाली गेला होता.

"मी त्याला बसून ऱ्हा म्हनलो हुतो," मामा म्हणाले. "पर आवाज लय हुता. त्याला आयकू गेलं का न्हाई, कुणास ठाऊक."

मी टीव्ही बंद केला. त्यांनी परत लावायला सांगितला, पुढं काय होतं ते ऐकायचं होतं. मी सिनेमा शेवटपर्यंत सांगितला.

संध्याकाळी मी हे नवऱ्याला सांगितलं. त्यानं हे कधी ऐकलंच नव्हतं. लहानपणी ट्रॅक्टरच्या थांबलेल्या ट्रॉलीतून उडी मारून उतरलं तरी वडील थोबाडीत द्यायचे, एवढंच त्याला आठवत होतं. इतर कशावरूनही त्यांनी कधी हात उगारला नव्हता.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी मामांना मान वर करायची परवानगी दिली. महिन्याभरात निम्मी नजर आली. वर्तमानपत्र वाचता येत नाही, पण बांधावरून एकटे फिरतात. नजर आल्यावर ते गावी परत गेले. सुट्टीत आम्ही जातो तेव्हा दुपारी एखादा सिनेमा लागतो. नवराही येऊन बसतो, पण सांगायचं काम माझंच असतं.