कचेरीत राहिलेला फोटू

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत बाळापूरच्या वाटेवरची काळीभोर वावरं सरकारने विमानं उतरवायला घेतली. त्यात गोवर्धनचं चार एकर गेलं. पोट तर भरायचं होतं. तो त्याच वावरात रोजाने लागला. मुरूम वाहिला, धुम्मस मारला, आपली काळी आपल्याच हाताने दाबून टाकली.

छावणीतल्या एका गोऱ्या शिपायाने एक दिवस फोटो काढला आणि पुढे त्याची प्रत आणून दिली. मागे तंबूंची रांग, एक विमान, बाजूला गोवर्धनची विहीर. विहिरीपाशी तो, बायको जयवंता आणि तिच्या कडेवर दीड वर्षाची मैना. त्याच पावसाळ्यात मैना तापाने गेली. पोरीचं म्हणून एवढंच राहिलं. जयवंताने फोटो जुन्या लुगड्यात गुंडाळून पेटीच्या तळाशी ठेवला. पुढे तिची कूस काही उजवली नाही.

बावन्न साली जमिनी परत द्यायचं ठरलं. पण मुरमाखाली वावरांच्या हद्दीचे धुरे गाडले गेले होते. शेजारच्या शेषरावने अर्ज ठोकला की विहीर आपल्या वावरात येते. कचेरीने गोवर्धनला पुरावा मागितला. तेव्हा त्याला फोटो आठवला. धुऱ्यावरचं हिवराचं झाड फौजेने पुढे तोडलं होतं, पण फोटोत ते उभं होतं, आणि विहीर त्याच्या अलीकडे, गोवर्धनच्या बाजूला होती.

"फोटू दे," तो म्हणाला.

"काहून?"

"साहेबाले दाखवाचा हाये. तो पाहीन अन् वापस देईन."

"नाही देला तं?"

"कसा नाही देणार? त्यायले आपली पोर कायले पाहिजे?"

अकोल्याच्या कचेरीत कारकुनाने टोच्याने फोटोला भोक पाडलं आणि दोरीत ओवून फाइलला बांधला. "साहेब, जरा जपून," गोवर्धन म्हणाला. कारकुनाने फाइल ढिगावर टाकली.

निकाल गोवर्धनच्या बाजूने लागला. वावर मिळालं, विहीर मिळाली. फोटो मिळाला नाही. साहेबाची सही हवी, मग साहेब बदलला, मग फाइल अमरावतीला गेली. गोवर्धन लोखंडी सबलीने मुरूम उकरायचा, हातभर जमीन मोकळी झाली की पेरायचा, आणि वर्षातून दोनदा कचेरीच्या ओट्यावर जाऊन बसायचा. घरी आला की जयवंता फक्त त्याच्या हातांकडे बघायची.

एकसष्ट साली तो अमरावतीला गेला. दप्तरखान्यातल्या म्हाताऱ्या शिपायाला दया आली, त्याने अर्धा दिवस गठ्ठे उपसले. फाइल सापडली. आत वाळवीने माती केली होती. दोरीत फोटोचा बोटभर तुकडा अडकला होता, त्यावर जयवंताचा हात आणि पोरीचा एक पाय.

"बाबा, हा नेऊ?"

शिपाई काही बोलायच्या आत तिथला कारकून ओरडला, "सरकारी कागद आहे. बाहेर जात नाही."

घरी येऊन त्याने जयवंताला खरं ते सांगितलं. ती रडली नाही. तव्यावरची भाकर उलटून तिने विचारलं, "कोनता पाय?"

तेवढं त्याने पाहिलं नव्हतं.

"तिचं तोंड मले आठवून नाही राहिलं आता," ती म्हणाली. "फोटू व्हता तं काढून पाहो. तुमी विहिरीसाठी नेला."

"पोटासाठी नेला, जयवंता."

"कोनाच्या?"

त्यानंतर तिने त्या वावरात पाऊल टाकलं नाही. लोकांच्या कपाशीत वेचायला जायची, स्वतःच्या नाही. गोवर्धन एकटाच मुरूम फोडत राहिला. चौसष्टच्या उन्हाळ्यात सबल टेकवून तो सावलीला बसला तो उठलाच नाही. तेरवी झाल्यावर जयवंता शेषरावच्या दारात गेली आणि म्हणाली, "भाऊ, वावर तुमीच वाहा-पेरा. विहीरबी घ्या." शेषरावने मान खाली घातली.