कान माझा, निकाल त्यांचा

आमच्या ह्यांचा कान साऱ्या पेठेत प्रसिद्ध होता. हातमाग बनवणारे सुतार ते. लाकूड आतून धड आहे की नाही, हे ऐकून सांगत. एका टोकाला खिळ्यानं खरवडायचं, दुसऱ्या टोकाला कान लावायचा. लाकूड चांगलं असेल तर खरखर अगदी कानाशी ऐकू येते. पण आधीची दहा वर्षं मिलमध्ये माग दुरुस्त करण्यात गेली होती, आणि त्या खडखडाटानं पुढं त्यांना बारीक आवाज ऐकू येईना. हे फक्त मला ठाऊक. मग खिळा त्यांच्या हातात आणि कान माझा. मी नुसती मान हलवायची, निकाल त्यांनी द्यायचा. लोक म्हणत, मिस्त्री बायकोला शिकवतोय. मला हसू यायचं आणि संतापही.

एका उन्हाळ्यात तेलुगू घरचा एक म्हातारा विणकर आला. धाकट्या मुलाचा वेगळा माग मांडायचा होता. त्यांच्या घरची रीत अशी, की नव्या मागात जुन्याचं एक तरी लाकूड हवंच. त्यानं बापाच्या मागाचा सागवानी दांडा आणला होता, कापड गुंडाळायचा.

मी कान लावला. आवाज दोन घरं पलीकडून आल्यासारखा वाटला. पण गालाला गारवाही लागला. सूत तुटू नये म्हणून हे लोक उन्हाळाभर मागाच्या खोलीत पाणी शिंपडतात, आणि दांडा तिथंच पडून होता. पावसात भिजलेल्या आमच्या फळ्यांतूनही आवाज असाच दबून यायचा, वाळल्या की मोकळा व्हायचा. मला राहवलं नाही.

"ओला हाय की. महिनाभर सावलीत वाळू द्या, मग ऐकू."

दारात चार गिऱ्हाइकं उभी होती. थांबायचं म्हणजे कान बायकोचा आहे हे कबूल करायचं.

"आतनं गेलाय," हे म्हणाले. "नवा घ्या."

म्हाताऱ्यानं दांड्यावरून हात फिरवला. "तुमीच ठेवा मिस्त्री. माज्या हातानं जळणात घालवणार न्हाय," म्हणाला आणि गेला. मी गप्प बसले, तेही चुकलंच माझं.

दांडा चुलीमागं उभा राहिला. दसऱ्याआधी सारवताना त्याला शेणाच्या पाटीचा धक्का लागला आणि तो खणकन वाजला. मी ह्यांना बोलावलं, कान लावायला सांगितला, खिळ्यानं खरवडलं.

"न्हेऊन द्या म्हाताऱ्याला. चुकलं म्हनू नका, वाळला म्हना."

बराच वेळ ते कान लावून बसले. "मेलेलाच हाय," म्हणाले. पडलो तरी नाक वर. कुऱ्हाड आणून त्यांनी दांडा फोडला. आत ना कीड, ना कूज. पिवळंधमक तेलकट लाकूड निघालं. दोघांनीही ते पाहिलं. त्यांनी तुकडे चुलीत सारले.

त्या जाळावर मी भाकरी भाजल्या. लाकूड इतकं वाळलेलं होतं की धूर झालाच नाही. डोळ्यांत पाणी आलं, त्याला धुराचं निमित्तही उरलं नाही.